अंगाला लावायची गोष्ट

“सिस्टर, तुम्ही तोंडाला काय लावता?”

विचारलं एकदाचं! तेही कुठे, तर दवाखान्यात, हात धुवायच्या बेसिनपाशी, कोपरापर्यंत साबणाचा फेस घेऊन उभी असताना. प्रश्न माझा नव्हता. पैज भोंग्याची होती आणि तिला फूस ठिपकीची. भोंगा म्हणजे माझी मैत्रीण, जिची कुजबुजसुद्धा मैदानापलीकडे ऐकू जाते. ठिपकी म्हणजे दुसरी मैत्रीण, हनुवटीवर तीळ असलेली आणि त्या तिळाचा विनाकारण गर्व असलेली. शाळा सुटली की दोघी मला दवाखान्याच्या फाटकापर्यंत सोडायला यायच्या आणि कामावर येणाऱ्या मोठ्या सिस्टरांकडे टक लावून बघायच्या.

बघण्यासारखंच होतं ते. हवा अशी की श्वास घ्यायच्या आधी पिळून घ्यावा. रस्त्यावरचा जो तो नुकत्या सोललेल्या उकडलेल्या बटाट्यासारखा दिसायचा. आणि सिस्टर? तुकतुकीत! कपाळावर तेल नाही, मानेवर पावडरीचे ओघळ नाहीत, काही नाही.

“विचार की त्यांना. घाबरट!” भोंगा म्हणाली, म्हणजे निम्म्या रस्त्याला कळलं.

घाबरट? मी? मागच्या वर्षीची मी असते तर बुटाच्या नाडीकडे बघत निघून गेले असते. पण यंदाची मी वेगळी होते. यंदा मला शाळेच्या नाटकात पुतळ्याचं काम मिळालं होतं. हसू नका. त्याआधी पहिलीपासून दर वर्षी मी झाड होते. कधी उजवीकडचं झाड, कधी डावीकडचं. यंदा मात्र मधोमध, उंच चौथऱ्यावर, डोक्यापासून पायापर्यंत सोनेरी रंग, आणि शेवटी जिवंत होऊन चक्क चार वाक्यं! तेव्हापासून मी वर्गात हात वर करायला लागले होते, दुकानात सुटे पैसे मागायला लागले होते, आणि आता हे.

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. “तोंडाला ना? कुलूप लावते. तूही लाव. आणि अंगठा राहिला धुवायचा.”

बाबा त्यांना फौजदार म्हणायचे ते उगीच नाही. अर्थात लिफ्टमध्ये म्हणायचे, दार बंद झाल्यावर.

तर मी दवाखान्यात कशी? माझी बहीण जन्माला आली होती म्हणून. आणि ती फार घाईची निघाली. आईच्या पोटात अजून कित्येक आठवडे आरामात राहायचं सोडून बाईसाहेब धावत सुटल्या, आणि थेट काचेच्या पेटीत जाऊन पडल्या. आई त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर होती. ऑपरेशनचे टाके चिघळले होते आणि ताप उतरायचं नाव घेत नव्हता. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. ते दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्ट वरखाली करायचे आणि संध्याकाळी आमच्या दोन मजल्यांमध्ये स्वतःच वरखाली व्हायचे. इतके दिवस आत फक्त त्यांनाच सोडत होते. त्या दिवशी पहिल्यांदा माझा नंबर लागला.

सिस्टरांनी मला गळ्यापर्यंत बंद असलेला हिरवा झगा घातला आणि आत नेलं. “हात पाठीमागे. बोलायचं ते हळू. आणि रडायचं असेल तर बाहेर.”

मी कशाला रडतेय! मी हसायची तयारी करूनच गेले होते. भोंग्याला सगळं साग्रसंगीत सांगायचं होतं ना.

पण पेटीपाशी गेले आणि तोंडाला खरोखरच कुलूप लागलं.

काचेला आतून वाफ धरली होती. थेंब जमून हळूहळू खाली घसरत होते. सिस्टरांनी पेटीवर बाहेरून टाकलेलं कापड बाजूला केलं, आणि वाफेच्या मागे ती दिसली. माझ्या पंजावर मावेल एवढी. रंग लाल, पिकलेल्या फळाच्या आतला असतो तसा. सगळी ओलसर, चकाकणारी. दंडातली शीर, पोटावरची शीर, सगळं वरून दिसत होतं, जणू अजून कुणी तिला झाकलंच नव्हतं. तापलेल्या दुधावर नुकती धरू लागलेली साय बघितलीय? फुंकर मारायच्या आधीच सुरकुततेय की काय असं वाटणारी? तशी तिची कातडी. माझ्या हातांवर सरसरून काटा आला. आधी माझ्या हातांना कळलं आणि मग मला, की मी काय बघतेय.

“आत पाऊस पडतोय का, सिस्टर?” मी अगदी हळू विचारलं.

“हवा दमट ठेवलीय. मुद्दाम.”

मुद्दाम! बाहेर अख्खं गाव ज्या हवेला शिव्या घालतंय, ती हवा इथे मशीन लावून तयार करतात? आणि बाहेरच्यापेक्षा दमट?

“हिच्या कातडीचं काम अजून संपलेलं नाही,” सिस्टर म्हणाल्या. “तुझ्या कातडीवर एक झाकण आहे. दिसत नाही, पण अंगातलं पाणी अंगात ठेवतं. हिचं ते व्हायचंय. उघड्या हवेत ठेवलं तर पाणी कातडीतूनच उडून जाईल, घाम न येता सुकेल ही. म्हणून हवेचंच पांघरूण केलंय.”

“मग एखादं जाड क्रीम लावा ना!” मला क्रीममधलं कळतं हो. माझ्या टेबलावर बाटल्यांची फौज आहे.

“अजिबात नाही. एवढ्या कोवळ्या अंगावर जाड थर दिला की त्याखाली जंतूंना ऊब मिळते. इथे जेवढं कमी लावू तेवढं चांगलं. साधी चिकटपट्टी लावतानासुद्धा दहा वेळा विचार करतो. काढताना कातडी सोबत आली तर?”

तेवढ्यात पेटीवरची घंटी वाजली. सिस्टरांनी पेटीच्या भोकातून हात आत घातला आणि बोटानं तिचा तळवा हलकेच चोळला. घंटी थांबली.

“काय झालं?”

“श्वास घ्यायला विसरली.”

“विसरली? श्वास?”

“या वयात विसरतात. आठवण करावी लागते.”

खाली फाटकापाशी भोंगा आणि ठिपकी उत्तराची वाट बघत होत्या. “काय लावतात?” दोघींनी एकदमच विचारलं. मी म्हटलं, “कुलूप.” आणि घरी जाईपर्यंत तेवढंच बोलले. भोंग्यानं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

आम्ही तिचं नाव पाखरू ठेवलं. म्हणजे खरं नाव आई बरी झाल्यावर ठरेल, पण तोवर हाक मारायला काहीतरी हवं ना. बाबा आधी ‘साय’ म्हणायला लागले होते. आई म्हणाली, “अहो, दुधावरची साय नातवंडाला म्हणतात, लेकीला नाही. आजोबा व्हायची एवढी घाई?” म्हणून पाखरू.

मी रोज जाऊ लागले. आणि रोज काहीतरी घडत होतं, जे कुणी घडवत नव्हतं! सिस्टर पेटीतली ओल थोडी थोडी कमी करत होत्या. काचेवरचे थेंब कमी झाले, मग गेले. पाखराच्या अंगाची ती ओली चकाकी मंदावली. शिरा आत गेल्या, जणू कुणी वरून पातळ पडदे टाकत होतं, एकावर एक. मग एक दिवस बघते तर पोटावर आणि पायांवर पापुद्रे सुटलेले.

“सिस्टर! सोलतेय ती!”

“सोलत नाहीये. शिकतेय.”

“म्हणजे?”

“हवा लागली की कातडीला कळतं, आपण बाहेर आलो. मग ती घाईघाईनं झाकण तयार करायला लागते. वरचं कच्चं टाकून देते.”

“कोण शिकवतं तिला?”

सिस्टरांनी खांदे उडवले. इतकी वर्षं त्या हे बघतायत आणि त्यांनी खांदे उडवले! मला ते फार आवडलं. मी काचेला नाक लावून उभी राहिले. जिला श्वास घ्यायचं लक्षात राहत नाही, तिच्या कातडीला मात्र आपलं काम पाठ होतं.

पण घंटी वाजायची काही थांबेना. शेवटी सिस्टर म्हणाल्या, “हिला आता पेटीपेक्षा माणूस हवा. उघड्या छातीवर उघडं बाळ ठेवायचं, तासन् तास. छातीशी असलं की श्वास कमी विसरतात. मोठ्या डॉक्टरांनीही सांगितलंय. कोण धरणार?”

आईला ताप. बाबा पुढे झाले, छाती काढून, आणि नेमके तेव्हाच शिंकले. बाबांची शिंक म्हणजे साधी शिंक नव्हे. तिच्यानं बंद पडलेली लिफ्ट सुरू होते असं त्यांचे कामावरचे लोक म्हणतात. सिस्टरांनी त्यांना नुसतं दाराकडे बोट दाखवलं. “सर्दी जाईपर्यंत या मजल्यावर दिसायचं नाही.”

“मी!” मी म्हटलं. हात वर करून. वर्गातल्यासारखा.

सिस्टरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. डॉक्टरांना विचारून आल्या. मग पडद्याआड नेऊन माझ्या झग्याची गाठ सोडली, आणि त्यांच्या कपाळाला पहिल्यांदा आठी पडलेली मी बघितली.

“हे काय आहे?”

गळ्याखाली, छातीवर, खांद्यांवर लाल लाल पुरळ होतं. दाणेदार, टोचणारं. आणि कानामागे, गळ्याच्या वळीत अजून थोडं सोनं चमकत होतं.

“पुतळा,” मी म्हटलं.

“काय?”

मग सगळं सांगावं लागलं. नाटकाच्या बाईंनी सोनेरी रंगाची तालीम घेतली होती. रंग निघेना म्हणून जाड मलमानं काढला. मलमानं अंग चिकट झालं म्हणून खसखसून घासलं. घासून कोरडं पडलं म्हणून रात्री ओलाव्याचं क्रीम, त्यावर चकाकीचं क्रीम, घाम आला म्हणून वरून पावडर. दुसऱ्या दिवशी पुन्हा रंग.

“ही मान आहे की भिंत?” सिस्टर म्हणाल्या. “भिंतीला तरी रंगाच्या दोन हातांच्या मध्ये सुकू देतात. या हवेत घाम आधीच उडत नाही, त्यात तू त्याची दारं लिंपून टाकलीस. मग तो आतल्या आत फुटणार नाही तर काय? घामोळं आहे हे. असल्या अंगावर मी बाळ ठेवणार नाही.”

“पण मी नाही धरलं तर कोण धरणार?”

“बरी हो. मग ये.”

माझ्यामागे पेटीवरची घंटी वाजली. त्या वळून गेल्या.

असं कधी झालंय तुम्हाला, की तुमचीच कातडी तुमच्या आड आलीय? मी लिफ्टच्या आरशात गळा बघत उभी राहिले आणि लिफ्ट माझ्यासकट दोनदा वर जाऊन आली.

निघताना सिस्टरांनी सगळं बजावून सांगितलं होतं. गार पाण्यानं धुवायचं, घासायचं नाही. पुसायचं नाही, टिपायचं. सैल सुती कपडे, पंख्याची हवा. पावडर नाही, अत्तर नाही. घामोळ्यावर काही म्हणजे काही लावायचं नाही. हातपाय कोरडे वाटले तर आंघोळीनंतर अंग किंचित ओलं असताना बिनवासाचं पातळ लोशन, तेही नखाएवढं.

“पण सिस्टर, ओलावा नाही दिला तर…”

“घामानं भिजलेलं अंग ओलं असतं, ओलावलेलं नसतं. फरक आहे. तुझं झाकण तयार आहे, तू फक्त ते उचकटू नकोस.”

मी बाटल्या ठिपकीच्या घरी नेऊन ठेवल्या. तिला तर घबाडच मिळालं. “एवढं मनाला लावून घेऊ नकोस गं,” ती म्हणाली. भोंगा म्हणाली, “मनाला नाही, तिला अंगालाच काही लावू देत नाहीयेत!” दोघी खिदळल्या. मीही. पण रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी माझा हात गळ्यावर जायचा. आज कमी आहे का? आज तरी? नाटकाच्या बाईंना मी तालमीला रंगाशिवाय उभी राहते म्हटलं. त्या म्हणाल्या, “आत्ता चालेल. पण रंगीत तालमीला रंग हवाच हं. नवा डबा मागवलाय.” आणि मी दवाखान्यात रोज बाहेरच्या काचेतून आत बघायचे, घंटी ऐकू येत नव्हती तरी सिस्टरांचा हात पेटीत गेला की मला समजायचं.

मग एका सकाळी गळ्यावरून हात फिरवला आणि हाताला काहीच लागलं नाही. नुसती मी लागले.

सिस्टरांनी दिव्याखाली नेऊन बघितलं. कानामागेही बघितलं. “बस,” म्हणाल्या.

मोठी खुर्ची, मागे रेललेली. झगा पुढून उघडा, भोवती पडदा. सिस्टरांनी पाखरू उचललं, त्याच्या नळ्यांसकट, आणि माझ्या छातीवर ठेवलं. वजन? ओल्या रुमालाएवढं. वरून कापड टाकलं. “आता हलायचं नाही.”

आणि इथे, मंडळी, मला सांगायला अभिमान वाटतो की न हलण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही! पहिलीपासून काय केलं मी? झाड! नाकावर माशी बसली तरी, राजपुत्र माझ्यावर धडपडला तरी, पडदा पडेपर्यंत हलले नाही मी. त्या सगळ्या वर्षांची कमाई त्या खुर्चीत कामाला आली.

तिच्यात आणि माझ्यात काहीच नव्हतं. कापड नाही, रंग नाही, क्रीम नाही. तिचा गाल माझ्या छातीच्या हाडावर. आधी ती गार लागली, मग कोमट, मग मला माझं कुठे संपतं आणि तिचं कुठे सुरू होतं तेच उमजेना. आम्हा दोघींना मिळून थोडा घाम आला. तिची बोटं उघडली आणि माझ्या गळ्याखाली, जिथे परवापर्यंत पुरळ होतं तिथेच, पसरली. केवढीशी बोटं, पण प्रत्येकाला नख! तिच्या नव्या कोऱ्या कातडीनं माझ्या कातडीला धरून ठेवलं होतं. कुठल्या एवढ्याशा जिवानं तुमच्यावर असं सगळंच्या सगळं वजन टाकलंय कधी? मी श्वास घेतला की ती वर यायची. मी सोडला की खाली. आणि मग, मी शपथेवर सांगते, तिचा श्वास माझ्या मागोमाग यायला लागला. जशी लहान मुलं आपल्या मागे पाढे म्हणतात ना, तसा.

घंटी वाजली नाही. मी वाट बघत होते, अंगाचे कान करून. वाजली नाही.

बऱ्याच वेळानं सिस्टर नळी सारखी करायला वाकल्या आणि त्यांचे हात माझ्या डोळ्यांसमोर आले. इतके दिवस हातमोज्यात नाहीतर फेसात असायचे, म्हणून दिसले नव्हते. बोटांच्या पेरांना चिरा. मनगटापर्यंत कातडी कोरडी, पांढरट, उन्हात राहिलेल्या कागदासारखी. त्या चेहऱ्याचे ते हात? मी बघतच राहिले.

“दर वेळी धुवावे लागतात,” त्या म्हणाल्या. “रोज घरी गेल्यावर साधं मलम लावते, रात्रीतून भरतात, सकाळी पुन्हा धुवायचे. तोंडाला काही लावत नाही. गार पाणी मारते, बस्स. सांग तुझ्या त्या भोंग्याला.”

“तुम्हाला कसं माहीत तिनं…”

“फाटकावर बोलली ती. चार मजले ऐकलं.”

मला हसू आलं, पण हसले असते तर पाखरू हललं असतं, म्हणून ते पोटातच ठेवलं. सिस्टर पाखराच्या पाठीवरचं कापड नीट करत होत्या, जे आधीच नीट होतं.

“लावते ते एकच,” त्या म्हणाल्या, माझ्याशी की कापडाशी कोण जाणे. “जीव लावते. लावू नये म्हणतात या कामात. जमत नाही.” आणि लगेच, “अंगठा खाली घे. मानेला लागतोय.”

संध्याकाळी मी वर आईकडे गेले. तिचा ताप बराच उतरला होता; सिस्टर म्हणाल्या होत्या की आता रोज थोडा वेळ तिलाही खाली आणू, पण अजून बसवत नाही तिला, बाकीचा वेळ माझाच. बाबा तोंडाला रुमाल बांधून दारात उभे होते, शिंकेच्या अंतरावर. मी सगळं सांगितलं. बोटं, नखं, पाढे, न वाजलेली घंटी. आईनं माझ्या गळ्याखाली आपला हात ठेवला, नेमका तिथेच, आणि तसाच ठेवून दिला. बाबांनी रुमाल डोळ्यांपर्यंत वर ओढला.

मग म्हणाले, “अगं, दुपारी तुझ्या बाईंचा फोन होता. सोनेरी रंगाचा डबा आला म्हणे. उद्या रंगीत तालीम.” त्यांचा आवाज नुसता फुलला होता. “पोरगी एवढी वर्षं झाड होती, यंदा माणूस झाली!”

“माणूस नाही बाबा, पुतळा.”

“पुतळा तर पुतळा. बढती आहे!”

मी आईच्या खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले. ताठ. चौथऱ्यावर उभं राहायची सवय झाली होती ना.

“मला तुम्हाला दोघांना एक सांगायचंय. मी रंग लावणार नाहीये. एकदा लागला की पुन्हा पुरळ, आणि पुन्हा बाहेरच्या काचेतून बघत बसायचं. आत्ता वर यायच्या आधी मी बाईंकडे जाऊन विचारलं, बिनरंगाचा पुतळा चालेल का. नाही म्हणाल्या. मग ठिपकीला पुतळा करा म्हटलं, बाटल्या तिच्याकडेच आहेत.”

“अगं पण तू?” आई उठून बसायला लागली. “किती वाट बघितली होतीस तू या कामाची!”

“बघितली होती. उजवीकडच्या झाडाची जागा रिकामी आहे. हिरवा झगा असतो, सैल, सुती. तालीम फक्त सकाळी. दुपार माझी आणि पाखराची. ठरलं माझं, मी झाड होणार! पाखरू झाडावर बसतं, बाबा. पुतळ्यावर बसलं की काय करतं, माहितीय ना तुम्हाला?”